खिडकीजवळची खाट

चेर्निव्त्सी,
५ फेब्रुवारी २०२३

लाडक्या ओरिस्या,

तुझी पेटी इल्कोने काल सालेर्नोहून घरपोच आणून दिली. सीमेवर त्याची गाडी तटून राहिली होती, तरी एकही लिंबू नासलं नाही. चादरी, इलॅस्टिक, वेल्क्रोची रिळं, सगळं मिळालं. कॉफी मात्र मी कपाटात लपवून ठेवलीय. शिवणवर्गातल्या बायकांना वास लागला तर दोन दिवसांत फडशा पाडतील. तू सांभाळतेस त्या सिन्योराबाईंचे गुडघे अजून दुखतात हे वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, इथे ताईचेही दोन्ही गुडघे बोलतात, फक्त इटालियन बोलत नाहीत.

तू विचारलंस, इतक्या चादरींचं करता तरी काय. सांगते. लढाईत जखमी झालेल्या ज्या पोरांच्या पायात बाहेरून लोखंडी सळया घातलेल्या असतात ना, त्यांना साधी पँट चढत नाही. ते बिचारे नुसत्या चादरीत गुंडाळून पडलेले असतात. डॉक्टर आले, पाहुणे आले, कोणाची बायको आली, तरी तसेच. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत उघडणाऱ्या पँटी शिवतो. आपल्या लेओकादियाबाई, शाळेत आपल्याला टाके शिकवायच्या त्याच, सत्तरी उलटून गेली तरी रोज सकाळी शाळेच्या तळघरात हजर असतात. तिथेच आमची सगळी मशिनं मांडलीत. परवा मी घाईत खिसा लावला नाही तर बाईंनी पँट उसवून माझ्या हातात दिली. "युस्टीना, खिसा नसला की माणसाला वाटतं आपण पेशंट आहोत. खिसा असला की वाटतं आपण कुठेतरी निघालोय." या वयातही ओरडा खाल्ला बघ मी.

शिवलेले कपडे इस्पितळात मीच घेऊन जाते. कोणी लाजतं, कोणी आशीर्वाद दिल्यासारखे हात धरतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगा आहे, त्याने मात्र पँट माझ्या अंगावर भिरकावली. म्हणाला, "गावभरच्या बायकांच्या जुन्या चादरी नेसून बसू? मी काय भिकारी आहे?" मी ती पँट उचलली आणि घडी करून त्याच्या पायाशी ठेवली. तापटपणा बापाचा घेतलाय, दुसरं काय. म्हणजे, घेतला असेल बाबा, मला काय माहीत.

लेकाचं, नेस्तोरचं विचारतेस. तो ठीक आहे. फोन फुटलाय त्याचा, आणि तिकडे आघाडीवर नंबर सारखे बदलतात, म्हणून तुला पाठवला नाही. निरोप मला कोणाकोणाकडून मिळतो, तो मी तुला कळवतेच आहे. शिवाय शरदात तो सैन्यात भरती झाला तेव्हा तुम्हा दोघांचं फोनवर जे झालं ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. "गेलास तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस" असं तू म्हणायला नको होतंस. रागात बोललीस, मला कळतं. त्याला कळायला जरा वेळ दे. मी आहे ना इथे.

थंडी फार आहे. वीज जाते, येते. तू औषधं वेळेवर घे.

तुझी ताई,
युस्टीना


चेर्निव्त्सी,
९ मार्च २०२३

प्रिय ओरिस्या,

तुझं पत्र मिळालं, आणि मिमोसाचं वाळलेलं फूलही. काल बायकांचा दिवस म्हणून इस्पितळातल्या पोरांनी आम्हाला ट्यूलिप दिले. पैसे कुठून जमवले देव जाणे. लेओकादियाबाई रडल्या आणि वर म्हणाल्या, "डोळ्यात दोरा गेला."

आता कामाचं. वेल्क्रो आणखी पाठवू नकोस. आम्ही ते बंद केलं. झालं असं, वॉर्डात कोणीतरी पँट उघडली की चर्रकन आवाज होतो, आणि त्या आवाजाला बाकीची पोरं दचकतात. एक जण तर खाटेखाली जायला बघत होता, टाके तुटले त्याचे. आमच्या एकीच्याही ते लक्षात आलं नाही. खिडकीजवळच्या त्या मुलाने सांगितलं. बाई त्याला समजवायला म्हणून गेल्या होत्या. म्हणाल्या, "दान राहू दे बाजूला. शिवण कशी झालीय ते सांग." तेव्हा त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "शिवण चांगलीय बाई, आवाज वाईट आहे." म्हणून आता आम्ही टिचबटणं लावतो. सालेर्नोत मिळतील तेवढी मोठी, लोखंडी टिचबटणं घे. प्लॅस्टिकची टिकत नाहीत.

तेव्हापासून तोच आमचा परीक्षक झालाय. हे काचतं, इथे शिवण आतून नको, इथे जरा सैल सोडा. शेजारच्या खाटेवर पनास म्हणून एक आहे, दोन्ही हात मनगटापासून गेलेत त्याचे, पण जिभेला धार. तो म्हणतो, "घ्या, सैन्यातून सुटला आणि शिंपी झाला!" आणि हा हसतो. ओरिस्या, काल तो खरंच हसला, नाक आक्रसून. मी मक्याच्या पिठाचा मामालिगा नेला होता, वर मेंढीचं चीज घालून, दोन वाट्या खाल्ल्या त्याने. अगदी तळ खरवडून. मी त्याचं डोकं धुतलं, केस कापले. घरी येताना मला ट्रॉलीबसमध्ये जागा मिळाली नाही, पण मला उभं राहिल्याचं कळलंसुद्धा नाही.

पण तुला कशाला हे सगळं सांगत बसले.

गावातल्या हान्याच्या जावेने तुला कळवलं म्हणे, युस्टीना रोज इस्पितळात दिसते. दिसणारच. कपडे कोण पोचवणार? लोकांना काय, जीभ उचलली की झालं.

आणि ईस्टरला यायचं म्हणतेस, तर ओरिस्या, यंदा नको. रस्ता खराब आहे, गाड्या सीमेवर ताटकळतात, तुझा रक्तदाब वाढलाय. सिन्योराबाईंना सोडून आलीस आणि त्यांच्या मुलीने दुसरी बाई ठेवली तर? शिवाय गावातल्या तुझ्या घरात हिवाळाभर चूल पेटलेली नाही, भिंतींना ओल आलीय. आणि नेस्तोर काही इथे... त्याला रजा मिळेल असं वाटत नाही. मग कोणासाठी येणार? उन्हाळ्यात ये. तोवर सगळं स्थिरस्थावर होईल. मी कळवते ना तुला, तू नको काळजी करू.

नेस्तोर बरा आहे. हे मी खोटं सांगत नाही. बरा आहे.

तुझी ताई,
युस्टीना


चेर्निव्त्सी,
२ एप्रिल २०२३

ओरिस्या,

इल्कोला मी सांगितलंय की हे पाकीट तुझ्याच हातात दे, आणि तू एकटी असताना दे. खुर्ची घे. सिन्योराबाईंना आधी औषध देऊन ये, मग वाच.

खिडकीजवळच्या खाटेवरचा मुलगा आपला नेस्तोर आहे.

जिवंत आहे. पुढे वाचायच्या आधी हे पुन्हा वाच. जिवंत आहे, जेवतो, बोलतो, भांडतो. डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. उजव्यात सळया आहेत, तो वाचलाय, डॉक्टर म्हणतात त्यावर उभा राहील. उजव्या हाताची दोन बोटं गेलीत. चेहरा जसाच्या तसा आहे. डोळे आहेत.

जानेवारीत, नाताळ नुकताच उरकला होता, तेव्हा मला फोन आला. त्याने घरचं म्हणून माझा नंबर दिलेला होता. आणखी कोणाचा देणार, नऊ वर्षांचा असल्यापासून तो माझ्याच घरी वाढला. मी धावत गेले. तापाने फणफणलेला होता. सिस्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बघ रे, आई आलीय." आणि त्याने डोळे न उघडता "आई" म्हणून माझं मनगट धरलं. मी सिस्टरला सांगायला हवं होतं की मी मावशी. नाही सांगितलं. तेव्हा वाटलं, आत्ता कसली दुरुस्ती, ताप उतरू दे.

शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "मावशी, आईला इतक्यात सांगू नकोस. मी बसता झालो की सांग. झोपलेला नाही बघायचं तिने मला." एवढंच म्हणाला होता. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मी त्याच्या शब्दातच होते. त्या पत्राची मला लाज वाटत नाही.

दुसऱ्याची वाटते. तोवर तो बसता झाला होता. उशीला टेकून बसला आणि पहिला प्रश्न विचारला, "आईला कळवलंस?"

मी म्हटलं, "हो."

"मग?"

"तिला सुट्टी मिळत नाही रे."

कुठून आलं ते वाक्य माझ्या तोंडात, मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, म्हणून तर लिहितेय. त्या सकाळी त्याने माझ्या हातचं खाल्लं होतं. सगळा वॉर्ड मला "नेस्तोरची आई" म्हणत होता. तू आलीस की मी पुन्हा डबा पोचवणारी बाई होणार, असं मनात आलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाला, "सिन्योरा आजारी असेल तिची." आणि मी त्यालाही हो म्हटलं.

ओरिस्या, त्याला वाटत होतं तुला सगळं माहीत आहे आणि तू आली नाहीस. तू बोललेलं ते "तोंड दाखवू नकोस" त्याच्या डोक्यात होतंच. मी त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून त्याने नवा फोन घेतला तरी तुला लावला नाही. आणि तू तिकडे समजत होतीस की तो आघाडीवर आहे आणि रुसलाय. मधे मी उभी होते, तुम्हा दोघांना दोन गोष्टी सांगत.

इस्पितळाच्या मागे आमच्या शिवणवर्गाच्या संस्थेने एक घर भाड्याने घेतलंय, लांबून आलेल्या आयाबायकांसाठी. बाईंनी मला दोनदा विचारलं, "नेस्तोरच्या आईसाठी एक पलंग राखून ठेवू का?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "तिचं यायचं नक्की नाही, दुसऱ्या कोणाला द्या." दिलाही त्यांनी. सुमीहून पनासची आई आली, फेव्रोनिया, त्या पलंगावर ती झोपते. मी दुसऱ्यांच्या आयांना चहा करून देत होते आणि आपल्या पोराच्या आईला घरात घेत नव्हते.

ही फेव्रोनिया साधी बाई. लेकाला चमच्याने बोर्श्टचं सूप भरवते, तोंड पुसते, तो शिव्या देतो, ती हसते. नेस्तोर ते बघत असे. गेल्या आठवड्यात मी उशी बदलत होते तेव्हा ती कौतुकाने म्हणाली, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काही उगाच नाही. अशी मावशी मिळायला नशीब लागतं." तिला माझं खरं नातं नेस्तोरनेच सांगितलं असणार. मी हसायला गेले आणि मला हसू येईना. तुझा चेहरा समोर आला. बसच्या काचेला नाक लावून निघालेली तू. दोघींपैकी एकीने परदेशी कामाला जायलाच हवं होतं तेव्हा, घरावर कर्ज होतं, मी म्हटलं माझी पाठ धड नाही, आणि तू एक अक्षर न बोलता बॅग भरलीस.

फेव्रोनिया गेल्यावर नेस्तोर मला म्हणाला, "मावशी, आईला एक निरोप दे. तिला म्हणावं, नाही आलीस तरी चालेल. मी रागावलेलो नाही. तिचंही काही असेल तिकडे."

तुला कळतंय ना? जो गुन्हा तू केलाच नाहीस, त्याची तो तुला माफी देत होता. आणि तो ते किती सांभाळून बोलत होता, शब्द निवडून निवडून, की तुला लागू नये.

मी त्याला म्हटलं, चल, बाहेर ऊन आहे. चाकाच्या खुर्चीतून आवारात नेलं. बॉयलरच्या भिंतीला ऊब असते, तिथे थांबले. आणि सांगितलं. एका दमात सांगितलं. थांबले असते तर पुन्हा काहीतरी गोड करून सांगितलं असतं.

तो मग म्हणाला, "म्हणजे तिला काहीच माहीत नाही?"

"नाही."

"पाय गेल्याचंसुद्धा?"

"नाही रे."

"मावशी, मी तिला इतके दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या. इतक्या घाण शिव्या. त्या आता मागे कशा घेऊ?"

 मी खुर्चीला हात लावला तर तो ओरडला, "हात काढ!" स्वतः चाकं फिरवत निघाला. ते चढण तुला माहीत नाही, ओरिस्या, दाराशी फार उभं आहे. अर्ध्यात अडकला. तीन बोटांनी चाक आवळून धरलेलं, मान लाल झालेली. मी मागेच होते, दोन पावलांवर. ढकललं असतं तर वर गेला असता. पण त्याने हात काढ म्हटलं होतं. माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड काही केलं नाही, जितकं ते नुसतं उभं राहणं होतं. शेवटी तो गेला वर. मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून तो मला भेटत नाही. मी पाठवलेलं जेवण पनासला देतो. पनास निरोप पाठवतो की मामालिगात मीठ कमी आहे.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "तू इथे शिव. वॉर्डात आता दुसरी कोणी जाईल." मग थोड्या वेळाने, "पोरगं वाढवलंस तू, युस्टीना, ते कोणी नाकारत नाही. पण ते तुला सांभाळायला दिलं होतं." मी मशिनवर बसून राहिले. शिवण कुठल्या कुठे गेली.

काल बाई त्याच्याकडे माप घ्यायला गेल्या होत्या. येताना त्याचा निरोप आणला: "मावशीला सांगा, आईला लिही म्हणावं. सगळं, स्वतःच्या हाताने. मी आधी फोन करून मावशीची चहाडी करणार नाही. आईने पत्र वाचलं की मग मी बोलेन."

बघ, इतकं रागावलेलं पोरगं, आणि चहाडी करणार नाही म्हणतं. हे त्याला कोणी शिकवलं असेल, तू की मी, की आपल्या दोघींनाही न विचारता तो तसाच झाला, मला सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र. मी माफी मागत नाही, ओरिस्या. मागितली की ती द्यायची की नाही याचं ओझं तुझ्यावर येईल, आणि तुला आता दुसरी कामं आहेत.

इल्को गुरुवारी सालेर्नोहून परत निघतो. पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट त्याने तुझ्यासाठी धरून ठेवलीय. पाय पसरता येतात तिथे. त्याने कारण विचारलं नाही. मागच्या घरात पलंग लागलाय, खिडकीकडून दुसरा, चादर मी घातली नाही, बाईंनी घातली. फेव्रोनियाने स्वतःहून तुझ्यासाठी कपाटाचा अर्धा कप्पा रिकामा केलाय. ईस्टरच्या आधी पोचशील. नेस्तोरचा नवा नंबर पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलाय. पत्र वाचून झालं की इल्कोला सांग, तो नेस्तोरला तसं कळवेल, आणि नेस्तोर फोन करेल. की तूच आधी करतेस? ते तुम्ही बघा.

तू आलीस की पायाकडे बघ. बघायचं टाळलंस तर त्याला लगेच कळतं. रडलीस तरी चालेल, पण "बिचारा" म्हणू नकोस. भरवू नकोस, डाव्या हाताने खातो तो, सांडतं, सांडू दे. डोकं धुताना पाणी कोमट लागतं, आणि उजव्या कानामागे एक जखम आहे तिथे...

हे काय, पुन्हा मीच सांगायला लागले. खोडलं असतं, पण राहू दे. आता तूच बघ. तुला कळेल.

स्टँडवर मी येणार नाही. इल्को तुला थेट इस्पितळाच्या दाराशी सोडेल. आत गेल्यावर डाव्या हाताला जिना आहे, वरच्या मजल्यावर शेवटचा वॉर्ड. कोणी विचारलं तर सांग, "मी नेस्तोरची आई." कोणी गोंधळलं, की त्याची आई तर दुसरीच कोणी ती शिवणवाली, तर घाबरू नकोस, पुन्हा सांग. जोरात सांग.

मी तळघरात मशिनवर असेन. तुम्ही बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत, तरी तिथेच असेन.

तुझ्या मुलाची मावशी,
युस्टीना